मजला चढवायचा, पण रस्त्याची ओळ न मोडता

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि 'तो आकडा नक्की काय होता?' असं विचारणाऱ्यांसाठी. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'बघा' थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.

आज सुरुवात एका पत्त्यापासून करू. १०, किंग हेन्रीज रोड, लंडन. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर या घरात राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. पुढे काय झालं ते फार लोकांना माहीत नाही. तिथल्या कॅम्डन नगरपालिकेनं राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी नाकारली. मुख्य हरकत काय, तर यामुळे लंडनमधली राहण्याची जागा कमी होते. अपील झालं, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये थेट मंत्र्यांच्या सहीनं परवानगी मिळाली.

म्हणजे बघा, एका शहराला एक घर कमी होणं इतकं लागतं. मग साहजिक प्रश्न येतो: जुनं घर न पाडता, नवीन जमीन न घेता, आहे त्या घरावरच एक मजला चढवला तर?

आज तोच विषय. लंडनच्या जुन्या ओळीतल्या घरांवर मजला चढवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण यात वजन आहे, आग आहे, शेजारी आहे, कायदा आहे, आणि कोणीही वाईट नसताना सगळे अडकून बसतात असा एक मस्त गुंता आहे.

ही घरं अशी एकसारखी का?

लंडनचे फोटो आठवा. एकाला एक चिकटलेली, विटांची, अरुंद पण खोल घरं. दोन घरांच्या मध्ये एकच सामाईक भिंत. अशा ओळीला तिकडे 'टेरेस' म्हणतात. आपली टेरेस म्हणजे गच्ची, त्यांची टेरेस म्हणजे घरांची रांग. हा गोंधळ आत्ताच मिटवून टाकू.

ही शिस्त नुसत्या हौसेतून आली नाही, ती आगीतून आली. १६६६ ला लंडन जळलं. १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्यानं ठरवलं की घरं विटांची किंवा दगडाचीच हवीत. कुठल्या रस्त्यावर किती मजले आणि कुठल्या मजल्याला किती जाड भिंत, हेही लिहून दिलं. बारक्या गल्लीत दोन मजले, बऱ्यापैकी रस्त्यावर तीन, मोठ्या रस्त्यावर चार. पुढे १७७४ च्या कायद्यानं घरांच्या प्रती ठरवल्या आणि नियम अजून घट्ट केले.

तर आज आपण ज्याला 'लंडनचं सौंदर्य' म्हणतो, ते बऱ्याच अंशी फायर सेफ्टीचे नियम आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे 'नियम आला की सौंदर्य जातं' असं कोणी म्हणालं तर हे उत्तर आहे.

डोक्यावर नक्की काय असतं?

रस्त्यावरून बघितलं तर यातल्या बऱ्याच घरांचं छप्पर दिसतच नाही. समोरची भिंत छपराच्या वर थोडी चढवलेली असते, आपल्या गच्चीच्या कठड्यासारखी. तिच्या मागे इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखं छप्पर लपलेलं असतं: दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींकडून मध्ये उतरणारं, आणि मधोमध पाणी वाहून नेणारी पन्हळ. फुलपाखरानं पंख उचललेत असा आकार, म्हणून नावही बटरफ्लाय रूफ.

हे छप्पर स्वस्त होतं, पण त्याखाली माणूस उभा राहू शकत नाही. घराचा सगळ्यात वरचा भाग तसा वायाच जातो.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे मॅन्सार्ड. फ्रान्समधला वास्तुविशारद फ्रांस्वा मान्सार, १५९८ ते १६६६, याच्या नावावरून हे नाव पडलं. यात छपराला दोन उतार असतात. खालचा उतार जवळजवळ भिंतीसारखा उभा, साधारण ७० अंश. वरचा अगदी मंद. उभ्या उतारात खिडक्या बसतात, आत माणूस आरामात उभा राहतो. आणि हा उतार कठड्याच्या थोडा मागून सुरू होतो, त्यामुळे खालून बघणाऱ्याला अख्खा मजला अंगावर आल्यासारखा वाटत नाही. जॉर्जियन काळापासून लंडनकर हे करत आलेत. कितीतरी जुन्या घरांवरचा मॅन्सार्ड मूळचा नाही, नंतर कोणीतरी चढवलेला आहे. म्हणजे मजला चढवणं ही त्या घरांचीच जुनी सवय आहे.

भिंती पेलतील का?

आता थोडं गणित. मी सिव्हिलवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हे कागदाच्या मागच्या बाजूला केलेलं गणित समजा. खरं घर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो.

समजा घर ५ मीटर रुंद आणि ९ मीटर खोल आहे. एक मजला म्हणजे ४५ चौरस मीटर. लाकडी जमिनीचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ५० किलो धरू. माणसं आणि सामान यांसाठी ब्रिटनमध्ये राहत्या घराला साधारण १५० किलो धरतात. एकूण २०० किलो. गुणिले ४५, म्हणजे ९ टन.

आता भिंत. ९ इंची विटांची भिंत, अडीच मीटर उंच. एक मीटर लांबीला जवळपास १.१ टन. नऊ मीटर लांब सामाईक भिंत वर चढवली तर एका बाजूला १० टन!

म्हणजे अख्ख्या मजल्यापेक्षा एक भिंत जड. गंमत इथेच आहे. पुढची आणि मागची बाजूही विटांनी बांधली, तर मीटरमागे अजून तेवढाच भार. पण तिथे मॅन्सार्ड केला, म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर स्लेटच्या पातळ दगडी फरश्या, तर तो भार पाव हिश्श्यावर येतो. मॅन्सार्ड दिसायला बरा आहेच, पण तो हलका आहे, आणि जुन्या भिंतीसाठी ते जास्त महत्त्वाचं.

वरचं वजन शेवटी पायावर येतं. या घरांचा पाया म्हणजे काँक्रीट वगैरे नाही. बऱ्याच ठिकाणी विटांचेच थर खाली रुंद होत गेलेले, आणि तेही फार खोल नाहीत. खाली लंडनची चिकणमाती. ती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. आपल्या काळ्या मातीतली शेतं उन्हाळ्यात भेगाळतात ना, तोच प्रकार. म्हणून काम सुरू करायच्या आधी भिंतीशेजारी खड्डा खणून पाया प्रत्यक्ष बघतात. कागदावरचा नकाशा दीडशे वर्षं जुना असेल तर त्यावर विसंबून कोण राहणार?

जिना: सगळे विसरतात तो भाग

मजला चढवला की फक्त वर बदल होत नाही, खालीही होतो.

इंग्लंडच्या नियमात जमिनीपासून ४.५ मीटरच्या वर राहण्याचा मजला आला की बाहेर पडायचा रस्ता सुरक्षित करावा लागतो. कारण साधं आहे: तिथून खिडकीतून उडी मारणं हा पर्याय उरत नाही. मग जिना आगीपासून वेगळा करायचा, प्रत्येक खोलीला आग थोपवणारं दार लावायचं, एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म बसवायचे. ७.५ मीटरच्या वर गेलात तर नियम अजून कडक होतात: दुसरा जिना किंवा पाण्याचे फवारे असं काहीतरी लागतं.

दोन मजली घरावर तिसरा चढवणं आणि चार मजलीवर पाचवा चढवणं, यात जो फरक आहे तो इथे आहे. बाहेरून दोन्ही 'एकच मजला' दिसतात.

शेजाऱ्याची भिंत

सामाईक भिंत म्हणजे अर्धी तुमची, अर्धी त्याची. तिच्यावर वीट ठेवायची तर शेजाऱ्याला सांगावं लागतं. १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार काम सुरू करायच्या दोन महिने आधी नोटीस द्यायची. त्यानं १४ दिवसांत लेखी होकार दिला नाही तर 'वाद आहे' असं धरलं जातं, आणि सर्व्हेअर नेमून तो सोडवतात. नुसतं गप्प बसून काम कायमचं अडवता येत नाही, हे मला फार आवडलं.

अजून एक हुशार तरतूद आहे. आज तुम्ही खर्च करून भिंत चढवली आणि उद्या शेजाऱ्यानं त्याच भिंतीला टेकून आपला मजला बांधला, तर त्याला तुमच्या खर्चातला वाटा द्यावा लागतो. आधी बांधणारा मूर्ख ठरत नाही.

मग घोडं कुठे अडतं?

परवानगीत.

१९६७ च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये जतनक्षेत्रं सुरू झाली. म्हणजे एकटी इमारत नाही, अख्खा परिसर जपायचा. तिथं बदल करताना परिसराचं स्वरूप जपलं जातंय किंवा खुलतंय का, हे बघणं नगरपालिकेवर बंधनकारक आहे.

आता एका ओळीत वीस घरं आहेत आणि कोणाच्याच डोक्यावर मॅन्सार्ड नाही. सहा नंबरच्या घरात दुसरं मूल झालंय, आजी-आजोबा सहा महिने राहायला येतात. ते अर्ज करतात. नगरपालिका म्हणते, 'छपरांची ओळ अखंड आहे, तुमच्यामुळे मोडेल. नामंजूर.' पुढच्या वर्षी अकरा नंबरवाले अर्ज करतात. तेच उत्तर. पहिल्याला परवानगी नाही कारण तो पहिला आहे, आणि दुसरा कधी येतच नाही कारण पहिला झालाच नाही.

आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. प्रत्येक प्रोसेस दुसऱ्याची वाट बघतेय आणि स्क्रीन गोठलेली. चूक कोणाचीच नाही, पण काम शून्य.

बरं, वीसही घरांनी एकत्र अर्ज केला तर? तर कधी कधी अट यायची की बांधकामही सगळ्यांनी एकाच वेळी करा. आता वीस कुटुंबांकडे एकाच महिन्यात पैसे असतील का? एकाची नोकरी गेली, एकाचं आजारपण आलं, की एकोणीस जण अडकले.

२०२० मध्ये सरकारनं घरावर मजला चढवायला सोपी वाट काढली. पण ती कोणासाठी? १ जुलै १९४८ ते २८ ऑक्टोबर २०१८ या काळात बांधलेल्या घरांसाठी, तेही जतनक्षेत्राबाहेरच्या. जॉर्जियन आणि व्हिक्टोरियन ओळी पूर्ण बाहेर. ज्या घरांना वर वाढायची दोनशे वर्षांची सवय, त्यांनाच दार बंद.

साउथ टॉटनहॅमनं काय केलं?

उत्तर लंडनच्या या भागात कट्टर धार्मिक ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. पाच-सहा मुलं तिथे नवलाची नाहीत. सिनेगॉग, शाळा, नातेवाईक सगळं चालत जायच्या अंतरावर हवं, कारण शब्बाथच्या दिवशी गाडी चालवत नाहीत. त्यामुळे 'लांब मोठं घर घ्या' हा सल्ला त्यांना लागूच होत नाही. आणि घरं कशी, तर दोन मजली, छोटी.

तिथल्या हॅरिंगे नगरपालिकेनं २०१० मध्ये 'नको' म्हणायच्या ऐवजी नियमावली लिहिली. एक पूर्ण मजला आणि त्यावर छपरातली खोली, असा दीड मजला चढवा. पण विटा मूळच्याशी जुळणाऱ्या, खिडक्या खालच्या खिडक्यांच्या रेषेत, छपराचा आकार ठरलेला. अनेक घरांनी तसं केलं. रस्त्याची उंची वाढली, पण तो रस्ताच राहिला.

यातली मुख्य युक्ती काय? परवानगी एका घराला नाही दिली, डिझाइनला दिली. एकदा डिझाइन ठरलं की कोण पहिला आणि कोण दहावा, याला महत्त्व राहत नाही. ओळ काही वर्षं वेडीवाकडी दिसते, मग हळूहळू पुन्हा सरळ होते.

पुढे क्रिएट स्ट्रीट्ससारख्या संस्थांनी मॅन्सार्डसाठी लावून धरलं. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात स्पष्ट वाक्य आलं: योग्य घरांवर, मूळ इमारतीशी मेळ साधणारे मॅन्सार्ड मंजूर करावेत. आणि 'सगळ्यांनी एकाच वेळी बांधा' ही अट अपवादात्मक कारणाशिवाय घालू नये. डेडलॉक कुठे होता ते शोधून नेमका तोच सोडवला.

पण यानं घरं वाढतात का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. वीस घरांची ओळ, प्रत्येकी साधारण ४० चौरस मीटर, म्हणजे ८०० चौरस मीटर नवीन जागा, जमीन न घेता. इंग्लंडच्या मानकानुसार एका माणसाचं स्वतंत्र छोटं घर ३७ चौरस मीटरचं चालतं. म्हणजे कागदावर वीस छोटी घरं झाली.

प्रत्यक्षात तसं होत नाही. बहुतेक ठिकाणी वर एक-दोन झोपायच्या खोल्या आणि एक बाथरूम होतं. नवीन कुटुंब येत नाही, आहे ते कुटुंब जात नाही. याचाही उपयोग आहे: ज्यांनी मोठ्या घरासाठी बोली लावली असती, ते त्या रांगेतून बाहेर पडतात. पण 'यानं घरांचा प्रश्न सुटेल' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बाकीच्या हरकतीही खऱ्या आहेत. मागच्या घराचा उजेड अडतो. इंग्लंडमध्ये एखाद्या खिडकीला वीस वर्षं उजेड मिळत आला असेल तर त्यावर हक्क सांगता येतो, तो कायदा १८३२ चा आहे. भाडेकरू असेल तर वरचा मजला झाल्यावर भाडं वाढणार, आणि काम चालू असताना धूळ त्यानंच खायची. आणि कराची उलटी गंमत: नवीन घर बांधलं तर व्हॅट शून्य टक्के, जुन्यावर मजला चढवला तर २० टक्के. म्हणजे जपणाऱ्यालाच दंड.

आपल्याकडे का नाही?

हा मेसेज येणारच, म्हणून आधीच बोलतो. पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांवर असा मजला का चढवत नाहीत?

एक, रचनाच वेगळी. वाड्याचा भार बऱ्याचदा लाकडी खांब-तुळयांवर असतो, वर कडीपाट आणि त्यावर मातीचा जड थर. खांबाचं बूड कुजलं असेल तर वर एक पोतं ठेवतानाही विचार करावा लागतो. दोन, भूकंप. लंडनला त्याची फारशी चिंता नाही. आपण १९६७ चं कोयना आणि १९९३ चं किल्लारी पाहिलंय. जुन्या बांधकामाच्या डोक्यावर वजन वाढवलं की हादऱ्यात ते जास्त जोरानं हलतं. तीन, भाडं. वर्षानुवर्षं नाममात्र भाडं, मालक अनेक, भाडेकरू अनेक. दुरुस्तीला पैसे कोण घालणार? मग उरतो एकच मार्ग: पाडा, आणि बिल्डरला द्या.

त्यामुळे लंडनचा मॅन्सार्ड उचलून शनिवार पेठेत ठेवा असं मी म्हणत नाहीये. पण त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे जुन्या घराला दोनच उत्तरं मिळतात: हात लावू नका, किंवा जमीनदोस्त करा. 'हे असं, एवढं, या सामानात करा, मग बिनधास्त करा' असं तिसरं उत्तर लिहून देणारं कोणीतरी लागतं. वाड्यासाठी ते उत्तर वर चढण्याचं नसेलही. मागच्या चौकात असेल, किंवा आधी खांब मजबूत करण्याचं असेल.

जुनं घर दोन प्रकारे मरतं. एक, कोणी पाडलं म्हणून. दुसरं, त्यात कोणी मावेना म्हणून. पहिल्यावर आपण मोर्चे काढतो, दुसऱ्याकडे लक्षच जात नाही.

तर या भागापुरतं एवढंच. तुमच्या आजोळी एखादा वाडा, चाळ किंवा जुनं घर असेल तर एक काम करा: पुढच्या वेळी गेलात की वर बघा. छप्पर कसं आहे, भार कशावर आहे, सामाईक भिंत कोणाची आहे, घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. त्यांना सगळं तोंडपाठ असतं. आणि जे कळेल ते व्हॉइस नोट करून मला पाठवा, पुढच्या भागात त्यातलंच ऐकू.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!